शिमगा, इलेक्शन ड्यूटी आणि कोंबुचा

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात एका मित्राने हॉटेलात कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, पाजला. पाव लिटरची बाटली, १८० रुपये. चव आवडली. कोकम सरबत आणि सोडा यांच्या मधलं काहीतरी, आणि शेवटी जिभेला व्हिनेगरचा हलकासा चिमटा. परत येताना एसटी कुंभार्ली घाट उतरत होती तेव्हा मी मोबाईलवर कृती वाचली आणि डोकंच फिरलं. पाणी, चहा, साखर. आणि १८० रुपये!

मी चिपळुणात एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. घरात मी आणि आत्या, दोघंच. स्वयंपाकघर आत्याचं, त्यामुळे आधी तिची परवानगी. "चहा आंबवायचा? बरा शिळा होतो तो फुकट," एवढंच म्हणाली. नाही म्हणाली नाही म्हणजे हो.

कोंबुच्यासाठी दोन गोष्टी लागतात. चहावर वाढणारी रबरासारखी चकती, तिला इंग्रजीत स्कोबी म्हणतात, आणि आधीच्या घाण्यातलं आंबट पाणी. आमच्या घरात पहिल्याचं नाव 'साय' पडलं आणि दुसऱ्याचं 'विरजण'. पुढे तेच शब्द वापरतो. ओळखीत कोणाकडे साय नव्हती. ९ मार्चला, शनिवारी, ऑनलाइन मागवली. ४५० रुपये, वर कुरिअरचे ८०.

तीन दिवसांत येणाऱ्या पार्सलला सहा दिवस लागले. १५ तारखेला कुरिअरवाल्याचा फोन, "साहेब, पार्सल गळतंय, ऑफिसला येऊन घेऊन जा." गेलो. खोका एका कोपऱ्यात ओला, आजूबाजूच्या पार्सलांना आंबूस वास, आणि काउंटरवरच्या मुलाचा चेहरा असा की मी काहीतरी बेकायदा मागवलंय. ओळखपत्र दाखवलं. वहीत 'फुटक्या अवस्थेत मिळाले' असा शेरा लिहून मगच सही केली. ही सवय नोकरीने लावलीय, पण तुम्हीही करा. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर कोरी सही आडवी येते. आतली पिशवी फुग्यासारखी टम्म फुगली होती. मला वाटलं, सडली. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, फुगली म्हणजे यीस्ट जिवंत आहे, काळजी करू नका. विरजण निम्मं गळून गेलं होतं, तरी कपभर उरलं होतं.

आत्याने चष्मा लावून ती साय पाहिली. पिवळट पांढरी, हाताएवढी, बुळबुळीत, एका बाजूने तपकिरी धागे लोंबणारी. "गाईची वार पडते तशी दिसत्येय," म्हणाली आणि देवघरापासून लांब ठेवायला सांगितली.

जपानी लोक याला काळ्या चहाचं अळंबं अशा अर्थाचं नाव देतात. पण अळंब्याशी त्याचा काही संबंध नाही. साय म्हणजे जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज. त्यात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात. यीस्ट साखर फोडून तिचा अल्कोहोल आणि वायू करतं, आणि हवा मिळाली की जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचे निम्मे घोटाळे आपोआप उलगडतात. मला ते उशिरा बसलं.

भांड्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमचं खालचं घर पाण्यात होतं. आत्याच्या लोणच्याच्या सात बरण्या गेल्या. माळ्यावर ठेवलेली एकच वाचली, चिनीमातीची, तपकिरी गळ्याची, तिच्या सासूबाईंची. ती तिने स्वतः माळ्यावरून उतरवली, धुतली, उन्हात वाळवली आणि माझ्यासमोर ठेवली. आणि मला सांगावं लागलं की ही चालणार नाही. जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं, आणि दिवसचे दिवस आंबट पाणी राहिलं की ते उतरतं.

"पन्नास वर्षं लोणचं घातलंय हिच्यात. कोण मेलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी गप्प राहून बाजारातून चार लिटरची काचेची बरणी आणली, ३८० रुपये. आत्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिची बरणी परत माळ्यावर गेली. पितळेच्या पातेल्याचं मात्र मला सांगावं लागलं नाही. "त्यात नको, कळकेल," ती आपणहून म्हणाली. ताक पितळेत कळकतं हे जिला ठाऊक आहे, तिला आम्ल आणि धातूचं नातं कोणी शिकवायला नको. चहा स्टीलच्या पातेल्यात उकळायचा, आंबवायचा काचेतच.

१६ मार्चला पहिला घाणा लावला. प्रमाण तेव्हापासून आजपर्यंत तेच आहे: पावणेतीन लिटर पाणी, चहा पावडर सात चमचे म्हणजे साधारण २० ग्रॅम, साखर २१० ग्रॅम, विरजण ३०० ते ४०० मिली (पहिल्या वेळी मात्र उरलेलं कपभरच). पाणी नळाचं असेल तर दहा मिनिटं खळखळ उकळायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडतं. चहा, साखर घालून झाकून ठेवायचं, गाळायचं, आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. कोमट नाही, थंड. दह्याला दूध कोमट चालतं म्हणून मी इथेही घाई करणार होतो. गरम चहात साय टाकली तर आतले जीव मरतात. मग विरजण, वर साय, तोंडावर कापड आणि रबरबँड. झाकण लावायचं नाही, कारण हवा पाहिजे.

तिसऱ्या दिवशी बरणीजवळ गेलं की वेलचीचा वास. आत्या चहाच्या डब्यात वेलचीची सालं टाकून ठेवते, हे मी बावीस वर्षं पितोय आणि लक्षात राहिलं नाही. मसाल्यातली सुगंधी तेलं त्या जिवाणूंना मानवत नाहीत म्हणतात. माझी साय मेली नाही, पण रुसल्यासारखी तळाला जाऊन बसली. तळाला जाणं वाईट नसतं, हेही नंतर कळलं. ती बुडो की तरंगो, नवी साय वरच धरते.

पाचव्या दिवशी, २१ मार्चला, चमचाभर चाखलं. आंबट-गोड, बरं लागलं. वाचलेल्या सगळ्या कृती मात्र ७ ते १४ दिवस म्हणत होत्या. मी विचार केला, राहू दे अजून. आणि २२ तारखेला शिमग्यासाठी गावाला गेलो. आमची पालखी घरोघर फिरते, मानकऱ्यांत नाव आहे, सुटणं शक्य नव्हतं. परतलो २९ ला. बरणी उघडली तर नाकात झिणझिण्या. तेरा दिवस, बत्तीस-तेहतीस डिग्रीत. सरळ व्हिनेगर झालं होतं. आत्याने एक वाटी कांद्याच्या कोशिंबिरीत वापरलं, एक वाटी नळाच्या पांढऱ्या डागांवर, आणि दोन्ही ठिकाणी उत्तम काम केलं असा शेरा दिला.

त्या कृती थंड देशांतल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. कोकणात मार्च ते मे पाच दिवस, फार तर सहा. पावसाळ्यात सात-आठ. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे नऊ लागले. दिवस मोजण्यापेक्षा चौथ्या दिवसापासून रोज एक चमचा चाखा, स्वच्छ चमच्याने, उष्टा परत न घालता.

३० मार्चला दुसरा घाणा. या वेळी साधा चहा, नवा पुडा. आधीचं कडक आंबट पाणी विरजण म्हणून वापरलं, आणि त्याच्याइतकं चांगलं विरजण मला पुन्हा मिळालं नाही. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून आम्लतेच्या पट्ट्या आणल्या, १५० रुपये. १ ते १४ अंकांच्या त्या पट्ट्या घेऊ नका, चहाचाच रंग तांबूस असल्यामुळे पट्टीचा रंग कळतच नाही. कमी अंकांच्या वेगळ्या पट्ट्या मिळतात, त्या मागवाव्या लागल्या, अजून २६० रुपये. विरजण घातल्यावर पीएच, म्हणजे पट्टीवरचा आम्लतेचा अंक (कमी म्हणजे जास्त आंबट), साडेचारच्या खाली हवा, म्हणजे नको ते जंतू वाढत नाहीत. तयार झाल्यावर माझा तीनच्या आसपास येतो.

चौथ्या दिवशी सकाळी पृष्ठभागावर पांढरं काहीतरी. माझा जीव गेला. फोटो काढून मित्राला पाठवला, तो म्हणाला माहीत नाही. आत्या आली. बरणी उचलली, खिडकीपाशी नेली, डोळ्याच्या पातळीवर धरली आणि वरून न बघता आडवं बघितलं.

"बुरशी कोरडी असते. लव असते तिला, केसांसारखी. हे ओलं आहे. विसरलेल्या चहावर साय धरते ना, ती आहे ही."

बरोबर होतं. दुपारपर्यंत तो पांढरा पापुद्रा काठापासून काठापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली वायूचे बुडबुडे अडकून तो जागोजाग फुगला, खालून तपकिरी शेवाळासारखे धागे लोंबले. ते धागे म्हणजे यीस्ट. दिसायला किळसवाणे, पण निरुपद्रवी. नवशिक्याची सगळ्यात मोठी भीती हीच असते, आणि इंटरनेटवरचे शंभर फोटो बघून ती जात नाही. आडवं बघा. ओलं, गुळगुळीत, मळकट पांढरं असेल तर साय. कोरडं, लव असलेलं, हिरवं-काळं-निळं, गोल ठिपक्यांचं असेल तर बुरशी.

५ एप्रिलला गाळून बाटल्या भरल्या. ९ ला गुढीपाडवा होता. श्रीखंड-पुरीनंतर आत्याला अर्धा पेला दिला. एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. "ताकाची जागा नाही घेणार," म्हणाली. पण पेला रिकामा केला.

आता फुटलेल्या बाटलीची गोष्ट. कोंबुच्याला फेस हवा असेल तर गाळल्यावर फळ किंवा आलं घालून बाटली घट्ट बंद करून बाहेर ठेवायची आणि मग फ्रिजमध्ये टाकायची. एप्रिलभर मी आलं आणि कैरी घालून हे करत होतो. ४ मे रोजी चार बाटल्या भरल्या. दोन आल्याच्या आणि, हापूसचा हंगाम म्हणून, दोन आमरसाच्या. सोमवारी सकाळी फ्रिजमध्ये टाकायच्या असं ठरवलं होतं. पण ७ मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. सोमवारी पहाटे उठून साहित्य वाटपाला पळालो. यंत्र, शाईची बाटली, पाकिटांचे गठ्ठे, सतरा प्रकारचे फॉर्म मोजून घेताना घरच्या ओट्यावरच्या बाटल्या कशा आठवणार?

सोमवारी रात्री पावणेतीनला आमरसाची एक फुटली. आत्या एकटी घरात. तिला वाटलं सिलिंडर गेला. रेग्युलेटर बंद करून मगच तिने दिवा लावला. छतावर आमरस, कॅलेंडरवर आमरस, देवघराच्या पडद्यावर काचा. तिने दुसरी बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून अंगणात नेली, पण उघडली नाही. मला फोनही केला नाही. ८ तारखेच्या पहाटे मी यंत्र जमा करून घरी आलो तेव्हा ओट्यावर मुंग्यांची रांग होती आणि आत्या चहा करत होती. "तुला ड्यूटी होती," एवढंच. त्या दिवशी मी कोंबुचा सोडायचं ठरवलं होतं. आत्यानेच सोडू दिलं नाही. म्हणाली, चूक बाटलीची नाही.

नव्हतीच. आमरसात भरपूर साखर, बाहेर पस्तीस डिग्री, साठेक तास, आणि बाटली होती सॉसची, पातळ काचेची, चौकोनी. चौकोनी बाटली कोपऱ्यांत तडकते. आता मी सोड्यासाठी बनवलेल्या जाड, गोल, तारेच्या झाकणाच्या बाटल्या वापरतो, १२० रुपयांना एक. प्रत्येक वेळी एक बाटली मुद्दाम प्लॅस्टिकची भरतो, कोल्ड्रिंकची रिकामी. ती दाबून बघायची. बोट रुतेनासं झालं की सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे कधीकधी चोवीस तासांतही होतं. बाहेर राहिल्याच, तर टॉवेलात गुंडाळून बादलीत ठेवा. आणि घरातल्या माणसाला सांगून जा.

पावसाळा आला तेव्हा मला गर्व होता की आता जमतंय. २२ जूनला शेजाऱ्यांना विरजणातलं थोडं दिलं आणि स्वतःच्या घाण्यात जेमतेम दीडशे मिली घातलं. बरणी कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी होती. बाहेर तो चिपळूणचा पाऊस, ज्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी धरते. २९ तारखेला सकाळी तीन ठिपके. आडवं बघितलं. लव. राखाडी-हिरवी.

वरची साय काढून खालचं प्यावं असा मोह होतो. नको. बुरशी आली की साय, पाणी, कापड सगळं टाकायचं. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात. ऊन नव्हतंच, म्हणून ओव्हनवाल्या शेजाऱ्यांकडे. "विरजण कमी पडलं तर दही तरी लागेल का?" आत्या म्हणाली. हेच कारण होतं. आंबटपणा वेळेत आला नाही, तेवढ्यात बुरशीने जागा धरली. नशिबाने मे महिन्यापासून एक जादा साय छोट्या बरणीत आंबट पाण्यात ठेवली होती, तिच्यावर पुन्हा सुरू झालं. एक साय कायम राखीव ठेवा. हा सल्ला मी आधी कुठेतरी वाचला होता म्हणूनच वाचलो.

चिलटांचंही तेव्हाच झालं. घरात फणस आणि बरणीवर विरळ जाळीचं कापड. चिलटं त्यातून सहज जातात. जुना पंचा चौपदरी करून बांधा.

पिण्याबद्दल. माझा आरोग्याचा काही दावा नाही. वजन घटलं नाही, केस आले नाहीत. बाजारातलं कोल्ड्रिंक सुटलं, एवढंच. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घरचा कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, त्यातली एक दगावली. कारण कोंबुचाच होता हे सिद्ध झालं नाही, पण तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सावध केलं, आणि निरोगी माणसाला दिवसाला साधारण चार औंस, म्हणजे १२० मिलीच्या आसपास, बाधू नये असं म्हटलं. मी तेवढाच पितो. गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेले आजारी लोक, लहान मुलं यांना मी देत नाही. आत्याला मधुमेह आहे. साखर सगळी संपत नाही, म्हणून तिच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अर्धा पेला, त्याहून जास्त नाही, अशी मर्यादा घातली.

आषाढी एकादशीला, १७ जुलैला, आत्याने विचारलं, उपासाला चालेल का. मी सांगितलं, यात थोडा अल्कोहोल असतो. तिने बाटली हातातून खाली ठेवली. "आधी नाही सांगितलंस." खरंच नव्हतं सांगितलं. तो इतका कमी असतो की चढत नाही, पण असतो. आणि बंद बाटलीत जिवाणूंना हवा मिळत नाही, यीस्ट मात्र चालूच राहतं, त्यामुळे उबेत ठेवलेल्या बाटलीत वाढतो. कोणाला देताना हे आधी सांगावं. चातुर्मासात तिने घेतला नाही. कार्तिकी एकादशी झाल्यावर द्वादशीला मागितला.

याच कारणाने विकायचा बेत मी सोडला. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याने आठवड्याला वीस बाटल्या मागितल्या होत्या. चौकशी केली. तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, साधी नोंदणी पुरत होती, वर्षाला १०० रुपये फी, अर्ज ऑनलाइन. इथवर सोपं. पण ०.५ टक्क्यांवर अल्कोहोल गेला की ते कायद्याने मद्य होतं, आणि माझ्या प्रत्येक घाण्यात तो किती आहे हे प्रयोगशाळेशिवाय कळणार नाही. ढाब्याचा फ्रिज रात्री बंद असतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वर मी सरकारी नोकर. १९७९ चे वर्तणूक नियम खाजगी धंद्याला परवानगीशिवाय हात लावू देत नाहीत. परवानगीचा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडतो हे मला चांगलं ठाऊक आहे, त्यातलं एक टेबल माझंच आहे.

खर्च विचाराल तर साय, बरणी, दोन प्रकारच्या पट्ट्या, सहा बाटल्या मिळून दोन हजारांच्या थोडं आत. त्यानंतर तीन लिटरच्या घाण्याला चहा-साखर-गॅस धरून तीस-पस्तीस रुपये. फुटलेल्या बाटलीपायी देवघराचा पडदा नवा शिवला, त्याचे साडेतीनशे वेगळे.

दर घाण्याला नवी साय धरते, त्यामुळे आता घरात जास्तीच्या आहेत. ओळखीतल्या कोणाला हवी असेल तर शनिवारी देतो, सोबत दीड कप विरजण, त्याहून कमी नाही. येताना काचेची बरणी स्वतःची आणावी, आत्याची मिळणार नाही. पंच्याचा तुकडा ती देते.